मार्शल लिटलच्या मागे मागे: स्लॅप बासची पुढची नोंद

या खेपेचा मोठा बदल म्हणजे माझ्या डबल बासच्या (उभा धरून वाजवायचा, व्हायोलिनच्या घराण्यातला मोठा बास) तारा. डी आणि जीच्या स्टीलच्या तारा उतरवून तांतेच्या, म्हणजे आतड्याच्या, चढवल्या. ई आणि ए स्टीलच्याच ठेवल्यात. स्टीलवर स्लॅप करताना, म्हणजे तार ओढून सोडताना आणि मध्ये तारांवर तळवा आपटताना, तर्जनीची सालपटं निघायची. तांत जाड असते, ताण कमी असतो, त्यामुळे बोट अडकवून ओढता येते आणि सोडली की फिंगरबोर्डवर कोरडा, लाकडी ‘टक्’ मिळतो. तोटा एकच, पावसाळी हवेत सूर टिकत नाही. सारंगीवाल्यांना हे दुखणं नवं नाही.

आता लिटल, गायक बिल हेलीच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’ या गाजलेल्या गाण्यातला बासवाला. १९३३ चा जन्म, नॉर्थ कॅरोलायनाचा, मुळात गिटारवाला. १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियात हेलीच्या ‘सॅडलमेन’ या बँडमध्ये (पुढे हाच ‘कॉमेट्स’ झाला) शिरला तो थेट डबल बासवर, आणि स्लॅपची बाराखडी त्याला खुद्द हेलीनंच शिकवली. हेलीची मंडळी तेव्हा वेस्टर्न स्विंगवाली, म्हणजे काउबॉय टोप्या घालून नाचाचं संगीत वाजवणारी. (त्याच साली इकडे सी. रामचंद्र ‘अलबेला’त चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटसकट स्विंग वाजवत होते, हे विसरू नका.) सॅडलमेनकडे ड्रमर नव्हता. तबलजी नसलेल्या मैफलीत ठेका कुणीतरी धरावाच लागतो. इथे तो बासवाल्याच्या उजव्या हातावर आला. लिटलचं सगळं वादन मला या एका अडचणीतून उगवलेलं वाटतं.

म्हणून मी सराव ‘रॉक अराउंड द क्लॉक’वर सुरू न करता हेलीच्याच १९५२ च्या ‘रॉक द जॉइंट’वर करतोय. त्यात ड्रम नाहीत, त्यामुळे तळव्याची टकटक उघडी ऐकू येते. डॅनी सेड्रोनचा गिटार सोलोही तोच, जो दोन वर्षांनी ‘क्लॉक’मध्ये पुन्हा वाजला. १२ एप्रिल १९५४ ला न्यूयॉर्कच्या पायथियन टेंपलमध्ये ‘क्लॉक’चं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा लिटल वीस वर्षांचा होता. निर्माता मिल्ट गॅबलर, आणि ड्रमवर बँडचा डिक रिचर्ड्स नाही, तर बाहेरून बोलावलेला बिली गुसाक. तिथे बास आणि ड्रम इतके मिसळलेत की शिकणाऱ्याला टक् कुणाचा ते कळत नाही. नवशिक्यानं त्या गाण्यापासून सुरुवात करणं मला चुकीचंच वाटतं.

डाव्या हाताला मात्र ‘क्लॉक’ फार सोपं आहे. गाणं ए या पट्टीत, कॉर्ड तीनच: ए, डी, ई. तिन्हींचे षड्ज मोकळ्या तारांवर. चाल ठेवायची सा-ग-प-ध. ए वर: सा मोकळा, ग त्याच तारेवर करंगळीनं, प पुढच्या तारेवर तर्जनीनं, ध तिथेच करंगळीनं. डी आली की सगळं एक तार पुढे, ई आली की एक तार मागे. बारा बारचं (चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं) आवर्तन संपेपर्यंत हात पहिल्या पोझिशनमधून हलत नाही. त्यामुळे सगळं लक्ष उजव्या हाताकडे देता येतं, आणि कस तिथेच लागतो.

साध्या स्लॅपमध्ये मात्रेवर तार ओढून सोडायची आणि पुढचा तळवा मात्रेच्या मध्यावर न मारता, मात्रेचे तीन भाग धरून तिसऱ्यावर मारायचा. मध्यावर मारला की स्विंग गेला, कवायत सुरू. डबल स्लॅपमध्ये तिन्ही भाग भरतात: ओढ, तळवा, तळवा. मेट्रोनोम मी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावतो. साधा स्लॅप आता १५०ला (मिनिटाला १५० मात्रा) निवांत बसतो. डबल १२०च्या पुढे गेला की दुसरा तळवा आळसावतो, नुसता तारांवर टेकतो. मनगट सैल ठेवून कोपरातून हात हलवला तर थोडा फरक पडतो. ‘क्लॉक’ १८०च्या आसपास आहे, म्हणजे अजून बरंच चढायचंय.

लिटलची पुढची कहाणी पैशांवर अडली. हेली आणि दोघे जुने साथीदार बँडचे भागीदार, बाकीचे पगारी. १९५५ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर असतानाही पगारवाढ नाकारली गेली, तेव्हा लिटल, सॅक्सोफोनवाला जोई अँब्रोज आणि रिचर्ड्स बाहेर पडले. जोई, डिक, मार्शल यांच्या नावांची अक्षरं जोडून ‘जोडीमार्स’ हा नवा बँड काढला आणि कॅपिटॉल या कंपनीसाठी रेकॉर्डही केल्या, पण ती उंची पुन्हा आली नाही. ‘क्लॉक’वर ज्याचा ठेका आहे तो माणूस पगारी नोकर होता, हे मला अजून खटकतं. १९८७ मध्ये जुने कॉमेट्स पुन्हा जमले आणि पुढे कितीतरी वर्षं युरोपभर वाजवत फिरले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये हेली १९८७ लाच गेला होता, कॉमेट्सना २०१२ पर्यंत थांबावं लागलं. मे २०१३ मध्ये लिटल वारला.

पुढचं काम ठरलंय: डबल स्लॅप १३०वर आणायचा आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) किंचित वर उचलून बघायची. तांतेला तेवढी उंची मानवते म्हणतात. कुणी केलं असेल तर डी आणि जी फिंगरबोर्डच्या टोकाशी किती मिलिमीटरवर ठेवल्यात ते सांगा, म्हणजे कारागिराकडे आकडा घेऊनच जाता येईल.