सारखी कॉइल जळतेय? आधी तेल बघा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या गाठी बांधणारे हायड्रॉलिक प्रेस आहेत, चिंचोळीत मोल्डिंग मशीन आहेत. तक्रार दोन्हीकडे एकच. रॅम, म्हणजे तेलाच्या दाबाने सरकणारा दांडा, वर जातो, खाली येत नाही. इलेक्ट्रिशियन व्हॉल्व्हची कॉइल उघडतो, ती जळालेली असते. नवी टाकतो आणि आठवडाभरात तीही जाते. मग दुकानदाराला शिव्या: माल डुप्लिकेट दिला.

बहुतेक वेळा दुकानदाराची चूक नसते. एसी कॉइल सुरू होताना पहिल्या क्षणी कितीतरी पट जास्त करंट ओढते. आतला गाभा पूर्ण खेचला गेला की तो करंट आपोआप उतरतो. हा गाभा स्पूलला, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकून तेलाची वाट बदलणाऱ्या दांड्याला, ढकलतो. स्पूल अडकला तर गाभा अर्ध्यावरच राहतो, करंट उतरत नाही आणि कॉइल काही मिनिटांत भाजून निघते. डीसी कॉइल अशी जळत नाही, तिथे नुसतं काम अडतं. म्हणून नवी कॉइल लावण्याआधी पंप बंद करा, प्रेशर शून्यावर आणा, रॅमखाली टेकू द्या आणि व्हॉल्व्हच्या टोकाची पिन दाबून बघा. स्पूल स्प्रिंगच्या जोरावर झटकन परत आला पाहिजे. रेंगाळला तर कॉइलचा विषय तिथेच संपला.

स्पूल आणि तो ज्यात सरकतो त्या बोअरमध्ये फट असते साधारण 5 ते 15 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जास्त अचूक नियंत्रणाच्या सर्वो व्हॉल्व्हमध्ये ती 1 ते 4 पर्यंत उतरते. नुसत्या डोळ्याला 40 मायक्रॉनच्या खालचं काही दिसत नाही, त्यामुळे 'तेल तर स्वच्छ दिसतंय' या वाक्याला अर्थ नाही. त्रास देणारा कण फटीएवढा किंवा तिच्याहून बारीक असतो. प्रेस दाबून धरलेला असताना स्पूल जागचा हलत नाही, दाबाखालचं तेल त्या फटीतून झिरपत राहतं आणि गाळ मागे ठेवतं. थोड्या वेळाने स्पूल सरकवायला जो जोर लागतो तो कॉइलकडे नसतो. सकाळी पहिल्या सायकलला अडकणारा आणि हातोडीचा दांडा मारला की सुटणारा व्हॉल्व्ह म्हणजे नव्वद टक्के हाच प्रकार.

आता घाण येते कुठून? सोलापुरात पहिलं उत्तर तूस, म्हणजे हवेत उडणारे सुताचे बारीक तंतू. प्रेस टॉवेलच्या खात्यात उभा असतो आणि टाकी श्वास घेते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. हिशोब करा: 56 मिमीचा रॉड, 500 मिमी स्ट्रोक. रॉड बाहेर जाताना टाकीतली पातळी सव्वा लिटरने उतरते, म्हणजे तेवढी हवा आत येते. मिनिटाला तीन सायकल धरल्या तर आठ तासांत सुमारे 1,770 लिटर. ब्रीदरच्या, म्हणजे टाकीच्या हवेच्या तोंडावरच्या फिल्टरच्या, जागी नुसती जाळीची टोपी असेल तर या हवेतलं सगळं तेलात. 3 मायक्रॉनचा ब्रीदर लावा. तोही तुसाने चोंदतो, म्हणून त्याच्यावर नजर हवी. चोंदला की हवा ढिल्या झाकणातून, केबलच्या भोकातून वाट काढते. कूलरच्या पंख्यांवर बसलेलं तूसही तितकंच वाईट. मे महिन्यात बाहेर 43 अंश असताना कूलर झाकला गेला की तेल 60 अंशांच्या वर जातं, आणि तिथून पुढे दर 10 अंशांना तेलाचं आयुष्य साधारण निम्मं होतं. करपलेल्या तेलाचा चिकट पिवळट थर स्पूलवर बसतो. हा थर फिल्टरला सापडत नाही. कूलर दर आठवड्याला हवेने फुंकून घ्या, पण तुसाच्या उलट दिशेने.

दुसरं, चिंधी. आपल्या गावात ती फुकटात मिळते म्हणून टाकी पुसायलाही तीच. टेरीचे (टॉवेलच्या कापडाचे) धागे टाकीतून रिलीफ व्हॉल्व्हच्या, म्हणजे जास्तीचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, पायलटच्या मिलिमीटरभर भोकापर्यंत पोचतात, मग तो प्रेशर धरत नाही. टाकीच्या आत धागे न सुटणारं कापडच वापरा. जोडावर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपच्या तुकड्यांचंही तेच. बीएसपी (पाइपच्या ब्रिटिश मापाच्या) समांतर आट्यांना डाउटी वॉशर, म्हणजे आत रबर असलेला धातूचा वॉशर, पुरतो, टेपची गरजच नाही.

तिसरं, नवं तेल. सीलबंद बॅरलमधलं तेल आयएसओ 4406 मध्ये, म्हणजे तेलातले कण मोजून दिलेल्या स्वच्छतेच्या कोडमध्ये, 21/19/16 च्या आसपास निघणं नेहमीचं. तेलाची दिशा बदलणाऱ्या साध्या डायरेक्शनल व्हॉल्व्हला 20/18/15 हवं, प्रवाह कमीजास्त करणाऱ्या प्रपोर्शनलला 18/16/13. कोडमधला आकडा एकने वाढला म्हणजे कण दुप्पट. तेव्हा बादली-नरसाळं बंद. हातपंपाच्या ट्रॉलीला 5 किंवा 10 मायक्रॉनचा फिल्टर लावून तेल भरा आणि बॅरलच्या तळाचं बोटभर सोडून द्या. बॅरल उघड्यावर ठेवायचाच असेल तर आडवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असा. उभ्या बॅरलवर पावसाचं पाणी साचतं आणि रात्री बॅरल थंड झाला की बुचाच्या आट्यांतून ते आत ओढलं जातं.

फिल्टरबद्दल एकच सांगणं: कागदी किंवा काचतंतूचं एलिमेंट डिझेलने धुऊन, हवा मारून परत बसवू नका. त्याने ते फाटतं, आणि फाटलेलं एलिमेंट फिल्टर चोंदल्याचं सांगणाऱ्या इंडिकेटरवर मस्त हिरवं दाखवतं. इंडिकेटर तेल गरम झाल्यावरच वाचा. थंड घट्ट तेलात तो उगाच लाल होतो.

अडकलेला स्पूल काढायचा असेल तर व्हॉल्व्ह आधी बाहेरून धुवा, मगच खोला. कुठलं टोक कुठल्या बाजूचं याची खूण करा. स्पूल त्याच बॉडीशी जुळवलेला असतो, दुसऱ्या व्हॉल्व्हमध्ये घालू नका. पॉलिश पेपर तर मुळीच नको: कडा गोल झाल्या की गाळ पाचरीसारखा आत शिरतो आणि गळतीही वाढते. स्वच्छ केरोसीनने धुवा, फिल्टर केलेलं तेल लावा, बॉडी उभी धरा. स्पूल स्वतःच्या वजनाने सावकाश घसरला पाहिजे.

बसवताना घसरतो आणि बोल्ट आवळल्यावर अडकतो, असंही होतं. तेव्हा घाण शोधत बसू नका. 6 नंबरच्या (लहान मापाच्या) व्हॉल्व्हचे एम-5 बोल्ट कॅटलॉगमध्ये साधारण 7 ते 9 न्यूटन-मीटरलाच आवळायला सांगतात. ॲलन कीला पाइप लावून आवळले की बॉडी वाकते. चारही ढिले करा, खालची मॅनिफोल्डची (व्हॉल्व्ह ज्यावर बसतो त्या ठोकळ्याची) जागा सपाट आणि स्वच्छ आहे का बघा, आणि टॉर्क रेंचने कर्णाच्या क्रमाने पुन्हा आवळा.