डिजिपिन, पिनकोड आणि फाटकाचा प्रश्न

पुण्याच्या पेठांत घराचा पत्ता मारुतीपासून सुरू होतो. जिलब्या, पत्र्या, सोन्या, भिकारदास यांपैकी जो जवळचा असेल तो धरायचा आणि तिथून बोळ, वळण, वाड्याचा दिंडी दरवाजा असं मोजत जायचं. घर नकाशावर कुठे आहे हे अशा पत्त्यातून शेवटपर्यंत कळत नाही. तिथवर जायचं कसं, ते मात्र पक्कं कळतं.

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन, म्हणजे जागेचा दहा चिन्हांचा कोड, याच्या अगदी उलट टोकाला आहे. घर कुठे आहे ते तो तीन-चार मीटरपर्यंत सांगतो, पण वाटेबद्दल अवाक्षर काढत नाही. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं नॅशनल रिमोट सेन्सिंग सेंटर यांच्या मदतीने तो तयार झाला. काढायला सोपा असल्यामुळे पुष्कळजण तो काढतात आणि पुष्कळजण चुकीचा काढतात.

आधी रचना बघू. भारत आणि आसपासचा समुद्र मावेल असा ३६ अंश रुंद, ३६ अंश उंच चौकोन घेतलाय: अक्षांश २.५ ते ३८.५, रेखांश ६३.५ ते ९९.५. त्याचे उभे चार आणि आडवे चार असे सोळा भाग पाडायचे आणि प्रत्येकाला एक चिन्ह द्यायचं. चिन्हं सोळाच: २ ते ९ हे आकडे आणि आठ रोमन अक्षरं. शून्य आणि ओ, एक आणि आय असा घोळ होऊ नये म्हणून ती वगळली आहेत. मग त्या भागाचे पुन्हा सोळा, असं दहा वेळा. चार गुणिले चार असं दहा वेळा केलं की एका बाजूला १०,४८,५७६ छोटे चौकोन होतात. ३६ अंशांना तेवढ्याने भागलं की दक्षिणोत्तर सुमारे ३.८ मीटर येतात. पूर्व-पश्चिम अंतर महाराष्ट्रात थोडं कमी, ३.६ मीटरच्या आसपास, कारण उत्तरेकडे सरकावं तशी रेखावृत्तं जवळ येतात. सगळा हिशेब अक्षांश-रेखांशावरून होतो, त्यामुळे इंटरनेट नसलं तरी कोड निघतो.

एक उपयोगी गोष्ट इथेच सांगतो. पहिली सहा चिन्हं म्हणजे साधारण एक किलोमीटरचा चौकोन, सात म्हणजे अडीचशे मीटर, आठ म्हणजे साठ मीटर. ‘कुठल्या भागात राहता’ एवढंच कुणाला कळवायचं असेल तर सहा चिन्हं देऊन थांबा. दहाच्या दहा देणं म्हणजे दाराचा उंबरठा दाखवणं. मात्र सुरुवातीची चिन्हं जुळली नाहीत म्हणून दोन गावं लांब आहेत असं समजू नका. पहिल्या फेरीची एक रेघ २०.५ अंश अक्षांशावरून, म्हणजे महाराष्ट्राच्या अंगावरूनच जाते. चाळीसगाव तिच्या जरा खाली, मालेगाव जरा वर. शेजारी तालुके असून त्यांचं पहिलंच चिन्ह वेगळं येतं.

पिनकोडची गोष्ट निराळी. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला, आणि त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते (टपाल खात्यात असे लोक असायचे). पहिला आकडा विभाग, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट ऑफिस. म्हणजे पिनकोडने जमीन मापलेलीच नाही, टपालाची व्यवस्था नोंदवली आहे. साताऱ्याचा कोड ४१५ने सुरू होतो आणि रत्नागिरीचाही ४१५नेच. कोल्हापूर ४१६, घाट उतरून सावंतवाडीला गेलात तरी ४१६. मध्ये सह्याद्री उभा आहे, एक गाव देशावर, दुसरं कोकणात, पण टपालाच्या लेखी दोघं एका पिशवीतले. माझ्या मते ही पिनकोडची ताकद आहे. घाट कुठून उतरतो हे त्याला माहीत नसलं तरी पत्र कुठल्या ऑफिसात जाईल हे त्याला माहीत आहे.

अक्षांश-रेखांशाला घाट दिसत नाही. सरळ रेषेने अंतर मोजणाऱ्या ॲपला महाबळेश्वरहून पोलादपूर वीसेक किलोमीटर वाटतं, आणि आंबेनळी घाटाने ते जवळजवळ दुप्पट पडतं. ‘जवळचा पेट्रोल पंप’ असा शोध घाटमाथ्यावर घेतलात तर यादीतला पहिला पंप कड्याखाली असू शकतो. यादी किलोमीटरवर लावली आहे की रस्त्याच्या वेळेवर, हे आधी बघा.

आता चुकांकडे. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. डिजिपिनचा छोटा चौकोन त्याहून लहान आहे. म्हणजे सगळं ठीक असतानाही शेजारचा कोड मिळण्याची शक्यता असतेच. पेठेतल्या बोळात किंवा उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतो, आणि एक मायक्रोसेकंद उशीर म्हणजे ३०० मीटर जास्त अंतर. म्हणून घरात बसून डिजिपिन काढू नये. फाटकापाशी, शक्यतो आकाश दिसेल तिथे उभे राहा, ठिपक्याभोवतीचं निळं वर्तुळ आक्रसेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा, मग कोड घ्या. ॲपला फक्त ‘अंदाजे लोकेशन’ची परवानगी दिलेली असेल तर फरक मीटरांत नाही, किलोमीटरांत पडतो. सेटिंगमध्ये ‘प्रिसाइज’ सुरू आहे ना ते पाहून घ्या.

उपग्रहचित्रावर बोट ठेवून काढणार असाल तर उंच इमारतीच्या छतावर ठेवू नका. चित्र तिरक्या कोनातून घेतलेलं असलं की छत पायापासून कित्येक मीटर सरकलेलं दिसतं. जमिनीलगतचा भाग शोधा.

आकडे हाताने भरणाऱ्यांच्या चुका वेगळ्या. १८ अंश ३० मिनिटं हे १८.३० असं लिहिलं जातं. बरोबर उत्तर १८.५०, कारण मिनिटं साठात मोजतात. तेवढ्याने जागा २२ किलोमीटर दक्षिणेला जाते. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल ही आणखी नेहमीची. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८५ उलटे भरले तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो. डिजिपिनच्या चौकोनाबाहेर गेल्यामुळे ही चूक निदान लगेच उघडी पडते. जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सरकारी भूनकाशांवरून, आकडे घेतले तर चूक लपून राहते: त्या एव्हरेस्टच्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, काढलेल्या आहेत, फोन डब्ल्यूजीएस-८४ हे नवं माप वापरतो, आणि महाराष्ट्रात दोन्हींत साधारण शंभर मीटरचा फरक पडतो. ठिपका दिसायला ठीक असतो, फक्त दुसऱ्याच्या शेतात असतो.

आणि सगळं अचूक करूनही पार्सल आणणारा माणूस मागच्या भिंतीपाशी येऊन फोन करतो, ‘दादा, गेट कुठंय?’ कारण असं: मार्ग काढणारा प्रोग्रॅम आधी तुमचा बिंदू जवळच्या रस्त्यावर ओढतो आणि मग त्या रस्त्यापर्यंत वाट शोधतो. सोसायटीचा बिंदू इमारतींच्या मधोमध असेल आणि मागचा रस्ता पुढच्यापेक्षा दहा मीटर जवळ असेल, तर प्रोग्रॅमच्या दृष्टीने मागची भिंत हेच दार. त्यामुळे मोठ्या आवारासाठी घराचा नव्हे, फाटकाचा डिजिपिन द्या.

कोकणात हीच अडचण जास्त महागात पडते. वाडीतल्या घराला गाडीरस्ता नसतो, पाखाडी (दगडी पायवाट) असते, आणि ती नकाशात बहुधा नसतेच. घर खाडीकाठी असेल तर बिंदू पलीकडच्या तीरावरच्या रस्त्याला चिकटू शकतो. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर आहेत, पण फेरीबोट चुकली तर चिपळूणवरून मोठा वळसा. अशा ठिकाणी गाडी जिथे थांबते तिथला डिजिपिन द्यावा आणि पुढचं शब्दांत लिहावं: ‘शाळेपाशी गाडी लावा, पाखाडीने वर, दुसरं कौलारू घर.’

शहरातल्या टॉवरला तिसरी अडचण आहे, उंचीची. डिजिपिनला मजला कळत नाही. पहिल्या आणि बाविसाव्या मजल्यावरच्या, एकावर एक असलेल्या फ्लॅटचा कोड एकच. म्हणून पूर्ण पत्ता लिहिताना आधी नाव, विंग, मजला, फ्लॅट. मग गल्ली आणि जवळची खूण. मग गाव आणि पिनकोड. आणि शेवटी फाटकाचा डिजिपिन, तीन-तीन-चार असा आडव्या रेघेने तोडून. फाटक दुसऱ्या बाजूला हलवलं तर कोड पुन्हा काढा, आणि ज्या ज्या ॲपमध्ये जुना साठवला आहे तिथून तो पुसा.