दुकानाबाहेरचा भावाचा फळा (आमची वाटचाल)

आमचं दुकान देवगडला. आता बोर्डावर ब्रॉडबँड, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर असं सगळं लिहिलंय, पण गावातली जुनी माणसं अजून "रेडिओवाल्यांकडे जातंय" असंच म्हणतात. बाबांनी १९७६ला सुरू केलं, २००३पासून मी बघते, म्हणजे आता ५० वर्षं होत आली. म्हटलं एकदा सगळं लिहून काढू.

बाबा त्याआधी मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे. आजोबा आजारी पडले म्हणून गावी आले ते परत गेलेच नाहीत. ओटीवर एक टेबल, सोल्डरिंगची कांडी, मीटर आणि एक ट्रंकभर स्पेअर पार्ट, एवढ्यावर धंदा सुरू झाला. तेव्हा रेडिओ ठेवायला लायसन लागायचं, पोस्टात जाऊन त्या पुस्तिकेत दरवर्षी पैसे भरून घ्यायला लागायचे, आणि काही लोक तर दुरुस्तीला सेट आणताना पुस्तिका पण बरोबर आणायचे, मागितली नसली तरी. मोठे व्हॉल्व्हचे सेट खोतांकडे किंवा शाळेत, बाकी सगळीकडे ट्रान्झिस्टर. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने सगळ्याची वाट लागते, बँडच्या स्विचला हिरवट गंज चढायचा, सेलची स्प्रिंग खाऊन जायची, त्यामुळे बाबांना काम कधी कमी पडलं नाही. बरं ह्याच समुद्राचा एक फायदा पण आहे, मिडियम वेव्हच्या लहरी जमिनीपेक्षा खाऱ्या पाण्यावरून लांबपर्यंत जातात, म्हणून मुंबई केंद्र आमच्या किनाऱ्याला बऱ्यापैकी लागायचं. पोफळीला तार बांधून एरियल केली की झालं.

रेडिओने धंदा कसा बदलला हे मी बाबांच्या तोंडून ऐकलंय. विविध भारती सुरू झाली १९५७ला, आणि तिच्यावर जाहिराती आल्या १९६७ला. त्याच्याआधी लोकांना जाहिराती ऐकू यायच्या त्या रेडिओ सिलोनवर, बिनाका गीतमाला ऐकायला लोक अंगणात बसायचे आणि ते टूथपेस्टचं नाव आपोआप पाठ व्हायचं, घरात दात मात्र राखुंडीनेच घासायचे. आमच्या शेजारी किराणा दुकान होतं, त्या काकांनी बाबांना सांगितलेलं की पूर्वी गिऱ्हाईक "साबण द्या" म्हणायचं आणि मी देईन तो घ्यायचं, आता पोरं येऊन नाव घेतात, निरमाच पाहिजे म्हणतात. म्हणजे काय विकायचं हे आधी दुकानदार ठरवायचा, ते आता मुंबईतला आवाज ठरवायला लागला. मला वाटतं धंद्यातला खरा मोठा बदल तिथे झाला, इंटरनेटच्या कितीतरी आधी.

पण मला लिहायचंय ते फळ्याबद्दल.

बाबा रोज आकाशवाणीवरचे बाजारभाव ऐकून दुकानाबाहेरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचे. नारळ, सुपारी, तांदूळ, आणि सीझनला हापूसचा जो काही भाव सांगितला असेल तो. कोणी सांगितलं नव्हतं, पैसे पण कोणी देत नव्हतं. मार्चपासून मेपर्यंत त्या फळ्यासमोर माणसं उभी असायची कारण बागायतदाराची पेटी ट्रकने मुंबईला जायची आणि तिचा भाव काय लागला हे कळायचं दलालाची पट्टी आल्यावर, ती यायची आठ आठ दिवसांनी. त्या पट्टीत हमाली, तोलाई, भाडं, कमिशन सगळं वजा होऊन खाली एक आकडा. फळ्यामुळे निदान अंदाज यायचा की आपल्याला किती कमी मिळालंय.

आणि इथेच बाबा एक गोष्ट नेहमी सांगायचे, भाव कळणं वेगळं आणि भाव मिळणं वेगळं. लोकांना फळ्यावरून कळायचं पण करता काय येणार, पावसाळ्यातच दलालाकडून उचल घेतलेली, खतं, फवारणी, राखणदार सगळं त्या पैशातून झालेलं. त्यामुळे माल त्यालाच घालायचा, तो देईल तो भाव. एकदा एक आजोबा फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, "माका वाचून काय करूचा हा, माझो आंबो तर गेलो." मी तेव्हा सहावीत होते, ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

मधली वर्षं पटकन सांगते. कॅसेट आल्या तेव्हा दशावतार आणि डबलबारीच्या भजनांच्या कॅसेट खूप विकल्या, चाकरमानी गणपतीला आले की जाताना पाच पाच घेऊन जायचे. मग एसटीडीचा, म्हणजे बाहेरगावी फोन करायचा, पिवळा बूथ टाकला. रात्री उशिरा दर पाव व्हायचा म्हणून तेव्हा रांग, आणि सीझनला पहाटे मुंबईच्या मार्केटमध्ये फोन करायला वेगळी रांग. भाव आठ दिवसांऐवजी त्याच दिवशी कळायला लागला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, आमच्याकडे पोचायला बरीच वर्षं गेली, २००३ला मी बूथच्या जागेवर तीन कॉम्प्युटर टाकून सायबर कॅफे सुरू केलं. दहावी बारावीच्या निकालाच्या दिवशी रस्त्यापर्यंत गर्दी, गणपतीच्या रेल्वे बुकिंगला तर लोक रात्रीच नंबर लावायचे. लाइन सारखी तुटायची. एका कंपनीची एजन्सी घेतली होती, तिने दोन वर्षांत गाशा गुंडाळला आणि आमचं डिपॉझिट अजून परत आलेलं नाही.

मग सप्टेंबर २०१६, जिओ आलं, आणि चार महिन्यांत सायबर रिकामं. खोटं नाही सांगत, रडले मी. कर्ज होतं, मुलगी कॉलेजला होती. बाबा तेव्हा ८०च्या पुढे होते, ते एवढंच म्हणाले की ट्रान्झिस्टरला पण टीव्हीने असंच केलं होतं, तू तारा ओढ. म्हणजे घरोघरी नेट द्यायचं. ते ऐकलं म्हणून आज दुकान आहे. आता फायबर टाकतो, आणि कोकणात फायबर टाकणं म्हणजे माकडं, माडाच्या झावळ्या आणि पावसाळ्यात कोसळणारे दगड ह्या सगळ्यांशी रोजचं भांडण.

पण खरा बदल मी बघितला २०२०च्या एप्रिलमध्ये. लॉकडाऊन, नवी मुंबईतलं वाशीचं घाऊक मार्केट कधी चालू कधी बंद, आणि झाडावर आंबा तयार. आमच्या गिऱ्हाइकांपैकी काही बागायतदारांनी मुंबई पुण्याच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले, कोणाचा भाऊ कोणाची बहीण तिथे राहतेच, आणि ऑर्डरी यायला लागल्या. टेम्पोचे पास काढायला, यादी टाइप करायला, पैसे आले का बघायला सगळे माझ्याकडे. यूपीआयवर पैसे आधी आले, माल नंतर गेला! हे आमच्या गावात त्याआधी कधी झालं नव्हतं. बागायतदाराने बसून स्वतः भाव सांगितला आणि समोरच्याने तो दिला. काहींनी त्या वर्षी उचल फेडली आणि पुढच्या वर्षी घेतलीच नाही. सगळ्यांचं असं झालं नाही हे पण लिहायला पाहिजे, ज्यांचं मुंबईत कोणी नाही किंवा ज्यांची बाग मोठी आहे त्यांचा बराच माल अजून मार्केटलाच जातो. आणि नेटवर देवगडच्या नावाने भलताच आंबा विकणारे पण त्याच वेळी वाढले. २०१८ला हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते त्यासाठी बरं झालं, पण स्क्रीनवर सगळे आंबे सारखेच दिसतात, म्हणून मी सगळ्यांना सांगते बागेचा व्हिडिओ टाका, नाव टाका, चेहरा दाखवा.

तौक्ते वादळ आलं मे २०२१ला. लाइट गेली, टॉवर गेले, माझं फायबर जागोजागी तुटलं, कितीतरी दिवस मोबाइल म्हणजे नुसती काच. तेव्हा लोक दुकानात येऊन सेलवरचा रेडिओ मागत होते. बाबांच्या ट्रंकेतून चार सेट काढले, दोन चालू झाले, ते दुकानाबाहेर लावून ठेवले आणि लोक बातम्यांच्या वेळेला येऊन उभे राहायचे. मच्छीमार लोकांना ह्या रेडिओचं मोल जास्त माहीत आहे, २००९च्या नोव्हेंबरमध्ये फयान वादळ आलं तेव्हा कोकणातल्या कितीतरी होड्या समुद्रात होत्या. म्हणून मी दर मेमध्ये सेलवरचे रेडिओ मागवते, दहा पंधरा जातात, फायदा जवळजवळ काही नाही, तरी मागवतेच.

बाबा गेले २०२२ला. फळा काढायचा नाही असं ठरवलंय, पण आता त्याच्यावर कोण लिहिणार आणि कोण थांबून वाचणार, म्हणून तेच काम व्हॉट्सॲप ग्रुपवर करते. आधी टाइप करून टाकायचे. मग लक्षात आलं की अर्ध्या म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवाय ते वाचता येत नाही, काहींना वाचताच येत नाही. तेव्हापासून सीझनला रोज संध्याकाळी ७ वाजता मी आवाजात सांगते, एका मिनिटाचा मेसेज, आज वाशीला चार डझनी पेटी काय गेली, पाच डझनी काय गेली, आपल्यातल्या लोकांनी थेट कितीला दिली, उद्या पाऊस आहे का. थेट विक्रीचा भाव मी मुद्दाम वेगळा सांगते. १७० माणसं आहेत ग्रुपवर. परवा नेटची लाइन जोडायला वाड्यात खांबावर माणूस चढला होता त्याच्यामुळे मला २० मिनिटं उशीर झाला, तर तेवढ्यात अकरा फोन, "काय गो बाय, आज भाव सांगूक नाय?"