चौथ्या कंट्रोलवरून पाचव्याकडे

मे-जूनमध्ये स्टॉकहोमला रात्री नऊपर्यंत लख्ख उजेड असतो. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी ऑफिस सुटलं की इथली माणसं बूट बदलतात, बस पकडतात आणि शहराला लागूनच असलेल्या जंगलात नकाशा घेऊन पळायला जातात. शाळकरी पोरं असतात, त्यांचे आईबाप असतात आणि सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबाही असतात. हा खेळ म्हणजे ओरिएंटियरिंग. गावाकडून फोन आला की सगळे विचारतात, "तू तिथं जंगलात नेमकं करतेस काय?" म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमचा क्लब बऱ्याचदा नाक्काच्या जंगलात जमतो. हा भाग या खेळासाठी जुना आणि मानाचा. १९१९ च्या मार्चमध्ये एर्न्स्ट किलांडर या लष्करी अधिकाऱ्याने याच नाक्का-साल्टशेबाडेन परिसरात मोठी स्पर्धा भरवली होती आणि तिला २१७ जण आले होते. तरुण पोरं मैदानी पळण्याला कंटाळली आहेत, त्यांना डोकं चालवायला लावलं तर ती पुन्हा येतील, असा त्याचा विचार होता. स्वीडनमध्ये हा खेळ रुजला तो त्याच्यामुळे.

सुरुवातीला हातात नकाशा मिळतो. प्रमाण १:१०,०००, म्हणजे एक सेंटीमीटरला शंभर मीटर, आणि समोच्च रेषा दर पाच मीटर उंचीला. पांढरा रंग म्हणजे पळता येईल असं मोकळं जंगल. हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट. पिवळा म्हणजे उघडी जागा, निळं म्हणजे पाणी आणि दलदल. त्यावर जांभळ्या रंगात सुरुवातीचा त्रिकोण, मग आकडे घातलेली वर्तुळं आणि शेवट दाखवणारं दुहेरी वर्तुळ. प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध प्रत्यक्षात एक नारिंगी-पांढरा तिकोनी झेंडा टांगलेला असतो. तोच कंट्रोल. बोटात अडकवलेली इलेक्ट्रॉनिक काडी तिथल्या डबीत घातली की वेळ नोंदली जाते. कंट्रोल ठरलेल्या क्रमानेच घ्यायचे. मधला रस्ता मात्र ज्याचा त्याने ठरवायचा.

माझा जीव जडलाय तो या मधल्या रस्त्यावर. झेंडा मुद्दाम लपवायचा नसतो. नकाशा नीट वाचून आलेल्या माणसाला तो दिसलाच पाहिजे. झुडपात दडवलेला कंट्रोल म्हणजे वाईट आखणी, कारण मग तिथं नशीब जिंकतं. कोर्स, म्हणजे कंट्रोलचा हा सगळा क्रम, आखणाऱ्याचं खरं कसब दोन कंट्रोलच्या मधल्या टप्प्यात दिसतं.

परवाचाच एक टप्पा सांगते, चारवरून पाचचा. सरळ रेषेत नऊशे मीटर. चार नंबर एका सोंडेच्या टोकाशी आणि पाच नंबर टेकडीपलीकडे, एका छोट्या कड्याच्या पायथ्याशी. मध्ये अख्खी टेकडी आडवी.

सरळ गेलं तर सात समोच्च रेषा चढायच्या, म्हणजे पस्तीस मीटर. धावणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की एक मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे दहा मीटर. म्हणजे नऊशेचे साडेबाराशे झाले. डावीकडून पायवाटेने टेकडीला वळसा घातला तर अंतर भरतं साडेबाराशेच! शिवाय वाटेवर पाय भराभर पडतात. मग वाटच घ्यावी ना? पण वाट सोडल्यावर कंट्रोलपर्यंतचे शेवटचे दीडशे मीटर हिरव्या झाडीतून जातात आणि तिथं धरून चालायला ना ओढा ना दगड, नुसतं होकायंत्र. सरळ टेकडी ओलांडून येणाराही कड्याच्या माथ्यावर पोचतो. झेंडा खाली, दिसत नाही आणि कडा वळसा घालून उतरावा लागतो.

तिसरा पर्याय उजवीकडचा, दलदल आणि उतार यांच्या मधल्या पट्टीतून. अंतर साधारण एक हजार पन्नास. जमीन मऊ, शेवाळलेले धोंडे, वेग कमी. पण दलदलीतून निघणारा ओढा गाठला की त्याला मिळणाऱ्या घळीतून वर चढायचं, घळ थेट कड्याच्या पायथ्याशी नेते. मी हीच वाट घेतली. सह्याद्रीत घळी आणि खिंडी धरून चालायची सवय लागलेल्या माणसाला शेवटी भक्कम आधार असलेला रस्ता लगेच ओळखू येतो.

पळून झाल्यावर सगळे गवतावर नकाशे पसरतात आणि एकच प्रश्न फिरतो, "पाचला कुठून गेलास?" त्या दिवशी वाटेने गेलेली आणि सरळ टेकडी चढलेली यांच्यात काही सेकंदांचाच फरक निघाला. कोर्स आखणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. हे ऐकून त्यांचा चेहरा असा फुलला! त्यांनी सांगितलं की आधी पाच नंबर पायवाटेच्या वळणाजवळ होता. तसा ठेवला असता तर सगळ्यांनी डोळे मिटून वाट धरली असती, विचार करायला काही उरलंच नसतं. म्हणून त्यांनी तो कड्याखाली नेला. त्यासाठी पावसात दोनदा जंगलात जाऊन जागा पाहिली, खुणेची फीत बांधली आणि नंतर क्लबातल्या दुसऱ्या माणसाकडून ती तपासून घेतली. हे सगळं संध्याकाळच्या एका तासाच्या पळण्यासाठी, एक क्रोनाही न घेता.

सहावा कंट्रोलही त्यांनी विचारपूर्वक ठेवला होता. पाचला ज्या बाजूने आत आलो त्याच बाजूने बाहेर पडावं लागलं, तर परतणारा माणूस मागून येणाऱ्याला झेंड्याची जागा आयती दाखवून देतो. म्हणून सहा पुढच्या दिशेला, कड्याच्या पलीकडे. हे कोणाच्या लक्षातही येत नाही, इतकं ते सहज जमून आलेलं असतं.

आता शरद ऋतूतल्या एका संध्याकाळसाठी मला हिरवा कोर्स आखायला दिलाय. इथं अवघडपणाप्रमाणे कोर्सना रंग असतात, त्यात हिरवा सगळ्यांत सोपा, लहान मुलांचा. त्यात मार्गाची निवड ठेवायचीच नाही. सगळं वाटेवरून, आणि वाट जिथं फुटते तिथं कंट्रोल हवाच, म्हणजे आठ वर्षांच्या पोराला दर वळणावर कळतं की आपण बरोबर आहोत. आखायला मला हाच जास्त कठीण वाटतो, कारण मोठा माणूस चुकला तर सावरतो, पोर एकदा घाबरलं की पुन्हा येत नाही. माझं घोडं अडलंय तळ्याजवळच्या एका तिठ्यावर. तिसरी वाट नकाशात आहे, पण जमिनीवर ती गवतात जवळजवळ बुजलीय. कंट्रोल तिथंच ठेवावा की वीस मीटर पुढे, पुलावर? पूल पोरांना लांबून दिसतो. या शनिवारी बाईंना घेऊन तिथं जाणार आहे आणि शेजारच्या मुलीलाही नेणार आहे. ती कुठे थबकते ते आधी बघते.