शेजारचा बर्नर

अकरावीच्या मुलांना अमोनियम क्षाराची कसोटी आवडते, कारण उत्तर लगेच मिळतं. क्षारावर सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घालून जरा तापवलं की उग्र वास सुटतो आणि परीक्षानळीच्या तोंडाशी धरलेला ओला तांबडा लिटमस निळा पडतो. त्या दिवशी प्रात्यक्षिकाचा तास संपत आला होता. बरीच मुलं प्रयोग उरकून वही लिहायला लागली होती.

एका मुलाची नळी निम्म्याहून जास्त भरलेली दिसली. ती त्यानं सरळ उभी धरली होती आणि ज्योत थेट बुडाला लागत होती. मी त्याला हाक मारेपर्यंत द्रावण उसळलंच. अरुंद नळीत तळाचा द्रव अचानक उकळला की वाफ वरचं सगळं द्रावण बाहेर भिरकावते. त्याच्या डोळ्यांवर गॉगल होता, त्याला काही झालं नाही. थेंब उडाले ते शेजारच्या मुलीच्या डाव्या डोळ्यात. तिचा प्रयोग आधीच संपला होता, म्हणून गॉगल काढून ती निरीक्षणं लिहीत होती.

"थोडं झोंबतंय मॅडम, होईल कमी," ती म्हणाली. मला धास्ती वाटली ती याच वाक्याची. आम्लाने डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं साकळतात आणि बऱ्याचदा त्या थरामुळे आम्ल आत शिरायला थोडा अटकाव होतो. सोडियम हायड्रॉक्साइडसारखी अल्कली मात्र पेशींच्या आवरणातल्या मेदाचा साबण करत आत आत जाते. किती दुखतंय यावरून इजा किती ते ठरवता येत नाही.

तिला तसंच नळाखाली नेलं. दुखरा डोळा खालच्या बाजूला, म्हणजे वाहणारं पाणी दुसऱ्या डोळ्यात जायला नको. धार अगदी हलकी ठेवली. पापण्या आपोआप घट्ट मिटतात, त्या मी बोटांनी उघड्या धरल्या. "वर बघ, आता खाली, आता नाकाकडे," असं सारखं सांगत राहिले, कारण पापणीच्या आतल्या घडीत द्रावण साचून राहतं. तेवढ्यात एक मुलगा बोरिक आम्लाची बाटली घेऊन धावत आला. अल्कलीवर आम्ल, उदासिनीकरण! मुलगा हुशार, हेतूही चांगला. पण डोळा म्हणजे चंचुपात्र नव्हे. उदासिनीकरणात उष्णता बाहेर पडते, शिवाय आम्ल किती घालायचं ते ठरवणार कसं? बाटली जागेवर ठेवायला लावली.

आमच्या परिचरांनी गॅसचा मुख्य कॉक बंद केला, घरी आणि दवाखान्यात फोन केले आणि घड्याळाकडे लक्ष ठेवलं. पाच मिनिटांतच ती म्हणाली, "आता बरं वाटतंय, पुरे." मी सोडलं नाही. पूर्ण 20 मिनिटं धुतलं. निघताना द्रावणाचं नाव आणि संहती, म्हणजे ते किती तीव्र आहे, कागदावर लिहून सोबत दिली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. त्यांनी पापणीच्या आत अल्कली उरली आहे का ते दाखवणारा पीएच कागद लावून पाहिला आणि डोळा पुन्हा धुतला. पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, वरवर खरचटलं होतं, ते काही दिवसांत भरून आलं.

तो मुलगा रडवेला होऊन बसला होता. त्याला नळी धरायची रीत पुन्हा दाखवली: एक तृतीयांशापेक्षा कमी भरायची, तिरपी धरायची, तोंड माणसांपासून दूर, ज्योत द्रवाच्या वरच्या भागाशी आणि हात सतत हलता. पण माझ्या मते त्या दिवसाचा खरा धडा त्याच्यापुरता नव्हता. मुलं गॉगल घालतात ती स्वतःच्या प्रयोगापासून वाचायला, आणि आपला प्रयोग संपला की धोका संपला असं धरून चालतात. शेजारचा बर्नर त्यांच्या हिशेबातच नसतो.

आता आमच्याकडे खोलीतला शेवटचा बर्नर विझून नळ्या धुऊन होईपर्यंत कुणीही गॉगल काढत नाही, मी आणि परिचरसुद्धा. काचांवर वाफ धरते ही मुलांची तक्रार खरी आहे, म्हणून हवा खेळेल पण शिंतोडे आत येणार नाहीत असे आडोशाच्या झरोक्यांचे गॉगल घेतले. चष्मा असलेल्यांनाही तो वरून घालावा लागतो, कारण चष्मा बाजूंनी उघडाच असतो. काच पुसायची तर आपली ज्योत बंद करायची, दाराबाहेर जायचं आणि तिथे पुसायची.