जॅग्वार ई-टाइप १/२४ : रंगाचा टप्पा

रेव्हेलच्या प्लॅस्टिक मॉडेल किटमधली ई-टाइप कूपे, म्हणजे बंद छपराची जॅग्वार, एकदाची रंगापर्यंत आली. कुठलीतरी ई-टाइप करायची नाही, ‘९६०० एचपी’ या नंबरप्लेटचीच करायची, हे मी किट उघडायच्या आधीच ठरवलं होतं. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जगाने पहिल्यांदा पाहिली ती हीच करडी गाडी. जॅग्वारच्या बॉब बेरींनी ती कॉव्हेंट्रीहून चालवत नेली आणि अनावरणाला जेमतेम वेळेत पोहोचवली. मग लोकांची एवढी झुंबड उडाली की कंपनीचे टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस यांना ७७ आरडब्ल्यू नंबरची हिरवी, उघडी रोडस्टर रातोरात तिकडे न्यावी लागली. हिरवीचाही मोह होतोच, पण गाडीचा आकार घडवणाऱ्या माल्कम सेयरच्या त्या रेषा छपरासकट बघाव्यात असं माझं मत.

एक ठरावीक गाडी धरली की कामं वाढतात. सुरुवातीच्या गाड्यांच्या बॉनेटची कुलपं बाहेरून होती आणि टी आकाराच्या चावीने उघडायची. म्हणून दोन्ही बाजूंना पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने) बारीक भोकं पाडून त्यात स्टायरीन प्लॅस्टिकच्या चकत्या बसवल्या.

आता खरा कस. ई-टाइपचं इंजिन चौकोनी नळ्यांच्या फ्रेमवर बसतं आणि ती फ्रेम मागच्या मोनोकॉक (वेगळ्या सांगाड्याशिवायच्या) बॉडीला बोल्टने जोडलेली असते. ही फ्रेम, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि बॉनेटची आतली बाजू, सगळं बॉडीच्याच रंगात. अनेक बिल्डमध्ये फ्रेम काळी दिसते. सुबक दिसते, पण चूक आहे. म्हणजे इंजिन आधी पूर्ण करून बॉडी मागून रंगवू, हा नेहमीचा क्रम इथे चालत नाही. हे सगळे भाग एकाच बाटलीतल्या रंगाने, एकाच बैठकीत मारायचे. नाहीतर बॉनेट उघडलं की दोन करडे शेजारी शेजारी उभे.

रंग ओपॅलेसंट गनमेटल ग्रे. गाडीच्या दुकानातला मेटॅलिक टच-अप रंग मॉडेलवर फसतो, कारण गाडी २४ पट लहान झाली तरी चमकीचे कण तेवढेच राहतात आणि बॉडीवर रेती टाकल्यासारखी दिसते. मी अगदी बारीक पिगमेंटचा गडद करडा लॅकर घेतला, त्यात निळ्याचा थेंब टाकला आणि ग्लॉस काळ्या बेसवर पातळ पातळ हात दिले. बॉनेटवरच्या लूव्हर्सपाशी हात आणखी हलका ठेवायचा. एकदा का त्या फटी भरल्या की त्या पुन्हा कोरून काढणं जिवावर येतं. आणि पावसाळी हवेत लॅकर पांढुरकं पडतं, त्यामुळे पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये मी एअरब्रशला हात लावत नाही. ते दिवस इंजिनात घालवले.

इंजिन म्हणजे ३.८ लिटरचं सहा सिलिंडरी एक्सके, जॅग्वारच्या दाव्यानुसार २६५ बीएचपी. सिलिंडर हेड सोनेरी, त्यावर दोन पॉलिश केलेली कॅम कव्हर्स, बाजूला एसयू कंपनीचे तीन कार्ब्युरेटर. सोनेरी रंग दागिन्यासारखा लखलखीत नको. थोडा पिवळट-मंद करून वर तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग, दिला. प्लग वायर्स तांब्याच्या बारीक तारेच्या. मागचे डिस्क ब्रेक चाकांत नसून आत डिफरन्शियलला लागून आहेत, तेही रंगवले. गाडी उलटी केल्याशिवाय ते कुणाला दिसणार नाहीत, पण आपली जमात गाडी उलटी करतेच.

डॅशबोर्डचा मधला भाग या काळातल्या गाड्यांत नक्षीदार ॲल्युमिनियमचा असायचा. स्वयंपाकघरातली फॉइल बारीक जाळीवर दाबून घेतली, तुकडा कापून चिकटवला. डायल्स डिकॅलच्या, म्हणजे पाण्याने चिकटणाऱ्या छापील चित्रांच्या. स्टिअरिंगच्या लाकडी रिमला टॅन बेस आणि वर ऑइल पेंटच्या रेघा.

उरली चाकं. खऱ्या गाडीला ७२ तारांची १५ इंची चाकं, म्हणजे या मापात जेमतेम १६ मिलिमीटर व्यास. प्लॅस्टिकच्या तारा एवढ्या बारीक साच्यातून निघणं अवघडच. तारांच्या मागची जागा मॅट काळी आणि फटींत पातळ काळा वॉश, एवढ्याने त्या बऱ्याच बारीक भासतात. फोटो-एच (पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेल्या भागांचा) संच आणखी छान दिसेल, पण त्याची किंमत किटच्या जवळ जाते, म्हणून सध्या नाही.

क्लिअर कोट पुरता कडक झाला की पॉलिश. मग हेडलाइटवरच्या काचा, त्याही पांढऱ्या पीव्हीए गोंदाने, कारण सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकटते. बॉनेटची बिजागरी मात्र अजून सैल आहे आणि उघडं बॉनेट एका बाजूला झुकतं. आत पितळी नळी घालावी असा विचार आहे. कुणी केलं असेल तर किती मिलिमीटरची घेतलीत ते सांगा.