'मी' नावाचा पोटभाडेकरू

'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली'. खाणारा तोच, पण क्रियापद बदललं ते आंब्या-पोळीच्या लिंगाप्रमाणे. खाणाऱ्याला इथे कुणी विचारत नाही. आता 'मी'च्या जागी 'तो' आणा. लगेच 'त्याने आंबा खाल्ला' असा 'ने' चिकटतो. 'मी'ला तो का नको? शाळेतलं उत्तर असं की मी, तू, आम्ही, तुम्ही यांना 'ने' लागत नाही, पाठ करा. खरं कारण पाठांतरापेक्षा मजेदार आहे: 'मी'च्या पोटात 'ने' आधीच आहे.

संस्कृतात कर्ता 'अहम्', तृतीया, म्हणजे 'ने'ची विभक्ती, 'मया' ('माझ्याकडून'). पुढे, झालेली गोष्ट सांगायची रीत पालटली आणि 'मया कृतम्' हीच वाक्यरचना रुळली. या 'मया'चा अपभ्रंशात, म्हणजे प्राकृतानंतरच्या भाषेत, 'मइं' झाला; तोच मराठीत 'मी', हिंदी-पंजाबीत 'मैं'. भूतकाळापुरता आत घेतलेला हा पोटभाडेकरू हळूहळू 'मी जातो', 'मी जाईन' या खोल्याही बळकावून बसला. मूळ मालक 'अहम्' मराठीत उरला तो फक्त कुणाचा तरी दुखावण्यापुरता.

1290 सालच्या ज्ञानेश्वरीत 'मी'च्या जोडीला तृतीयेचा 'मियां' आहे. 'म्या न्हाई केलं' म्हणणाऱ्याचा 'म्या' त्याच घरातला. शहरी कान त्याला अशुद्ध म्हणतात, पण व्याकरणाच्या हिशेबात तोच जास्त काटेकोर: करायला 'म्या', जायला 'मी'.

हिंदीला मात्र आपल्या 'मैं'चं कूळ आठवेना. तिने त्याला वर आणखी एक 'ने' लावला आणि 'मैंने' केलं, म्हणजे तृतीयेवर तृतीया. आपली हिंदी घसरते ती इथेच. मराठीच्या सवयीने आपण 'ने' गाळतो आणि 'मैं रोटी खाया' म्हणतो. हवं 'मैंने रोटी खाई'. उलट, मराठी शिकणारा हिंदीभाषक 'मीने केलं' म्हणतो. बरं, 'मैंने' सरसकट ठोकूनही चालत नाही. लाना, भूलना यांना 'ने' नको: 'मैं किताब लाया'. आपल्याकडेही 'मी पाणी प्यालो', 'मी धडा शिकलो' यांत क्रियापद पाण्याकडे किंवा धड्याकडे ढुंकून बघत नाही. आणि लिहिताना 'मैं'वर दोन मात्रा आणि अनुस्वार. एक मात्रा गाळली की 'में' होतो, म्हणजे 'मध्ये'.

मालक सगळीकडूनच हुसकला गेला असं नाही. अशोकाच्या धौलीच्या लेखात राजा स्वतःला 'हकं' म्हणतो. तो 'अहम्'चाच लांबवलेला अवतार. असल्याच रूपातून ब्रजचा 'हौं', गुजरातीचा 'हुं' आणि कोंकणीचा 'हांव' आला. गंमत म्हणजे धौली ज्या ओडिशात आहे तिथे आज 'मुँ' म्हणतात. मराठीच्या उत्तरेला 'हुं', दक्षिणेला 'हांव', आणि मधे आपण 'मी' धरून बसलेलो. गुजरातीने दोघांनाही कामं वाटून दिली: खायचं असेल तर 'हुं', खाऊन झालं की 'में केरी खाधी'. कोंकणीने घर मालकाकडेच ठेवलं आणि त्यालाच प्रत्यय जोडला: 'हांव येतां', पण 'हांवें केलें'.

पूर्वेकडे तिसराच प्रकार. बंगालीने 'मुइ' गावठी ठरवून अनेकवचनातला 'आमि' एकट्यासाठी घेतला. बिहारात एकटा माणूसही 'हम'. खरोखर चारजण असतील तर 'हम लोग'.

मराठीत 'मी' असा सगळीकडे पसरल्यावर 'माझ्या हातून' हा त्याचा मूळ अर्थ पुसट झाला आणि ते काम पुन्हा कुणावर तरी सोपवावं लागलं. 'माझ्याने आता चालवत नाही' यात शाळेने नाकारलेला 'ने' बिनबोभाट परत आला आहे. फक्त तो 'मी'ला न लागता 'माझ्या'ला लागतो आणि कुवतीबद्दल बोलतो. चुकांसाठी वेगळी सोय आहे. कप फुटल्यावर 'मी कप फोडला' असं सहसा कुणी म्हणत नाही. 'माझ्याकडून कप फुटला' म्हणतात, आणि स्वयंपाकघरातून आवाज चढला की नुसतंच 'कप फुटला'.